ताऱ्यांच्या वाटेवरील बिऱ्हाडे

प्रवासवर्णन लिहिणाराने आपण कोणत्या गाडीने गेलो, उतारा कोठे मिळाला आणि तेथील पाणी कसे होते, हे आधी सांगावे असा प्रघात आहे. मला यांतले काहीच सांगता येण्यासारखे नाही. कारण ज्या ठिकाणाचे वर्णन करण्याचे मी योजिले आहे, तेथे आजवर कोणी गेलेले नाही आणि पुढे कोणी जाईल अशीही आशा नाही. तथापि तेथील मंडळींच्या घरांतून मी इतक्या संध्याकाळी घालविल्या आहेत की, कोणाच्या घरी न्याहारीवरून कुरबुर होते, तेथला न्हावी हजामत करता करता कोणाला युद्धशास्त्र शिकवितो आणि कोणाचे मांजर कोठे निजते, हे मला आमच्या आळीतल्या बातम्यांइतकेच ठाऊक झाले आहे.

हे ठिकाण म्हणजे ‘एंटरप्राइझ’ नावाची अंतराळनौका. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही अमेरिकन चित्रमालिका सप्टेंबर १९८७ पासून मे १९९४ पर्यंत दूरचित्रवाणीवर चालली, तिची ही कर्मभूमी. जीन रॉडनबेरी या गृहस्थांनी १९६६ साली याच नावाच्या एका नौकेची पहिली मालिका काढली होती. त्या जुन्या नौकेवर सुमारे ४३० माणसे असत. परंतु ती सारी नोकरीवरची. कोणाचे लेकरू नाही की कोणाचा संसार नाही. एकवीस वर्षांनी दुसरी नौका रचताना मात्र असे कल्पिले की, माणसे वर्षानुवर्षे घरापासून दूर जाणार असतील तर त्यांनी घर बरोबरच का नेऊ नये? म्हणून चोविसाव्या शतकातल्या या नव्या नौकेवर हजाराच्या आसपास माणसे आहेत, आणि त्यांत बायका, मुले, शिक्षक, माळी, न्हावी असे सगळे आहे. आपल्याकडे म्हणतात ना, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. येथे तर साऱ्या गावाचेच बिऱ्हाड पाठीवर आहे.

नौकेची लांबी सुमारे ६४२ मीटर आणि मजले ४२. पुढचा भाग एखाद्या प्रचंड बशीसारखा पसरट आहे. त्याच्या शिरोभागी कप्तानाची बैठक, आणि दहाव्या मजल्यावर अगदी पुढच्या टोकाला ‘टेन फॉरवर्ड’ नावाचा उपाहारकक्ष. त्याच्या रुंद खिडक्यांतून तारे अंगावर धावून येताना दिसतात. बशीच्या मागे यंत्रांचा भाग. हे दोन भाग वेळप्रसंगी सुटे होऊ शकतात. बायकामुलांना बशीत बसवून सुरक्षित जागी पाठवावे आणि लढणारांनी मागचा भाग घेऊन संकटाला सामोरे जावे, अशी ही योजना. मालिकेच्या पहिल्याच कथेत ती अमलात आणून दाखविली आहे; पुढच्या सात वर्षांत मात्र तशी वेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. म्हणजे तोफा डागल्या जात असताना शाळेतली मुले बहुधा त्याच नौकेवर आपापल्या बाकांवर बसलेली असत. ही गोष्ट आमच्या घरी प्रथम मातोश्रींच्या ध्यानात आली, आणि तेव्हापासून त्या नौकेच्या कारभारावर त्यांचा विश्वास राहिला नाही.

आत शिरल्यावर पहिला विचार मनात येतो तो हा की, येथे चूल कोठे आहे? खोल्या प्रशस्त, खाली मऊ गालिचा, दारे आपणहून उघडणारी. पण स्वयंपाकघर नाही. भिंतीत एक कोनाडा आहे. त्याला ‘रेप्लिकेटर’ म्हणतात. हवा तो पदार्थ तोंडाने मागावा की, तो वाटीताटासह तेथे प्रकट होतो. कप्तान पिकार्ड त्याच्याजवळ नेहमी अर्ल ग्रे जातीचा चहा मागतात, आणि तो गरम हवा हेही दर वेळी बजावतात. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर यंत्राला एवढेही ठाऊक नसावे, याचे मला नवल वाटते.

चुलीवाचूनचा हा संसार सर्वांना मानवतोच असे नाही. माइल्स ओब्रायन नावाचा एक आयरिश कामगार-अधिकारी आहे. त्याची बायको कीको जपानी, आणि वनस्पतिशास्त्रात निष्णात. १९९१ मधल्या एका कथेत ती त्याच्यापुढे न्याहारीला समुद्रशेवाळाचे कोंब वगैरे मांडते, आणि तो बिचारा आपण मासा नाही हे तिला सांगू पाहतो. मग तो आपल्या आईच्या हातच्या जेवणाचे वर्णन करतो. ती खरे मांस स्वतःच्या हातांनी शिजवीत असे, हे ऐकून कीकोच्या चेहऱ्यावर जी शिसारी उमटते, ती पाहून आमच्यासारख्या शाकाहारी घराला तिच्याविषयी आपुलकी वाटल्यावाचून राहिली नाही! नौकेचे दुय्यम अधिकारी रायकर यांनीही एकदा हौसेने अंडी आणून स्वतः परतली. पाहुण्यांनी तोंडे वाकडी केली. वॉर्फ नावाच्या एकट्या क्लिंगॉन अधिकाऱ्याने ती मिटक्या मारीत संपविली.

याच वर्षीच्या आणखी एका कथेत डेटा हा यंत्रमानव आपल्या एका दिवसाचा वृत्तांत पत्रातून लिहितो. नौकेवरचा साधा दिवस कसा असतो हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने हीच कथा आधी पाहावी. त्यात तो त्या दिवसाच्या किरकोळ घडामोडींची जंत्री देतो : काहींचे वाढदिवस, काहींच्या बदल्या, बुद्धिबळाचे सामने, शाळेतल्या मुलांचे नाटक, आणि त्यांतच हिंदूंचा दीपोत्सव! हे ऐकताच आमच्या घरातल्या मंडळींनी एकदम माना वर केल्या. कोणी साजरा केला, पणत्या कोणत्या खिडकीत लावल्या, हे काही दाखविलेले नाही. एका वाक्यात दिवाळी येते आणि जाते. फराळ कोनाड्यातून निघाला असेल तर चकली खुसखुशीत झाली होती की काय, यावर आमच्याकडे बराच ऊहापोह झाला. करंज्या करावयास शेजारणी जमल्या नाहीत, तळणीचा वास जिन्यात आला नाही, तर ती दिवाळी कसली, असे काकूंचे मत पडले.

त्याच दिवशी त्या नौकेवर कीको आणि माइल्स यांचे लग्नही लागते. वधूने सकाळी लग्न मोडल्याचा निरोप धाडला आहे, तो पोहोचविण्याचे काम यंत्रमानवाकडे, आणि माणसाच्या मनातील गुंता त्याला मुळीच उमगत नाही. अखेर सारे सुरळीत होते. टेन फॉरवर्डमध्ये कप्तान विवाह लावतात, आणि वधूच्या पित्याच्या जागी हाच डेटा उभा राहतो. कन्यादान यंत्राच्या हातून! प्रसंग विनोदी आहे आणि आम्ही हसलोही. पण नंतर माझ्या मनात आले की, वधूवरांच्या आईवडिलांपैकी त्या गर्दीत मला तरी कोणी दिसले नाही. पुढे ऑक्टोबर १९९१ मधल्या एका कथेत कीकोला प्रसूतिवेदना सुरू होतात, त्याही एका अपघाताने नौकेचे सर्व मजले एकमेकांपासून तुटले असताना. सुईणीचे काम त्या उपाहारकक्षात वॉर्फला करावे लागते. तो पुस्तकी ज्ञानाच्या जोरावर बाळंतिणीला जवळजवळ हुकूमच सोडतो. मुलगी सुखरूप होते, तिचे नाव मॉली. याही वेळी बाळंतिणीच्या उशाशी बसावयास वडीलधारे बाईमाणूस नाही.

मुलांच्या बाबतीत खुद्द कप्तानांची स्थिती चमत्कारिक आहे. पिकार्ड हे ब्रह्मचारी, वाचनप्रिय आणि करड्या शिस्तीचे. पहिल्याच भेटीत ते रायकरांना कबूल करतात की, मुलांच्या सहवासात आपल्याला अवघडल्यासारखे होते; तेव्हा त्यांच्यापुढे आपली शोभा होणार नाही एवढी काळजी तुम्ही घ्या. आणि नशीब असे की, मॉलीचा जन्म झाला त्याच अपघातात ते तीन मुलांसह बंद पडलेल्या उद्वाहकात अडकतात. शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात बक्षीस मिळविलेली ही मुले. त्यांतल्या धाकट्याने कसल्याशा खास मातीत मुळे लावले होते आणि ते विचित्रच उगवले होते. कप्तानांचा पाय मोडलेला, मुले रडत असलेली. तेव्हा त्यांना एक युक्ती सुचते. आपल्या गळपट्टीवरच्या हुद्द्याच्या टिकल्या काढून ते मुलांना वाटतात : एक दुय्यम अधिकारी, एक विज्ञान अधिकारी, आणि सर्वांत धाकटा मुळ्यांचा प्रमुख. नंतर सारे मिळून गाणे म्हणत शिडी चढतात. आमच्या घरची मुले त्या दिवसापासून एकमेकांना मुळ्यांचे प्रमुख म्हणू लागली, आणि ती पदवी आजही बहुमानाचीच समजली जाते.

येथवर सर्व गोड. परंतु ज्या कथेमुळे मी हे लिहावयास बसलो ती १९८९ सालची आहे. मार्ला ॲस्टर नावाची एक पुरातत्त्वज्ञ बाई, वॉर्फच्या नेतृत्वाखाली एका ओसाड ग्रहावर उतरते. तेथे कोणा एका जुन्या युद्धात पेरलेला सुरुंग शिल्लक असतो; युद्ध संपले, लढणारे गेले, सुरुंग मात्र राहिला. बाई जागच्या जागी मृत्यू पावते. तिचा जेरेमी नावाचा बाराएक वर्षांचा मुलगा नौकेवर शाळेत आहे. त्याचे वडील आधीच वारलेले. कप्तानांना आता त्या मुलाकडे जाऊन ही बातमी सांगावयाची आहे. वाटेत ते मंडळींच्या मनाची काळजी वाहणाऱ्या ट्रॉय या सल्लागार बाईंशी बोलतात. मुलांना अशा नौकेवर आणणे आपल्याला कधीच फारसे पटलेले नाही, असे ते म्हणतात. नोकरी पत्करणाऱ्याने धोका पत्करलेला असतो, पण या मुलाने तो केव्हा पत्करला? बाईंचे उत्तर असे की, मरण सगळीकडेच आहे, पृथ्वीवर ठेवल्याने ते टळत नाही. यावर कप्तान म्हणतात ते खरे, पण पृथ्वीला कोणी शत्रूच्या सीमेवर जाण्याचा हुकूम सोडीत नाही.

हा संवाद ऐकताना मी जागचा हललो नाही. माझे वडील रेल्वेत होते आणि त्यांच्या बदल्या होत. शाळा बुडू नये म्हणून मला आठव्या वर्षी आजीजवळ ठेवले. आजीने काही उणे पडू दिले नाही. तरी सुटी संपवून आईवडील गाडीत बसले की मी परसात जाऊन उभा राही आणि कोणाशी बोलत नसे. म्हणून मुलांना बरोबर नेणाऱ्यांच्या बाजूने माझे मन आपोआप झुकते. आणि जेरेमीकडे पाहिले की तेच मन उलटते. तो खोलीत बसून आपल्या आईची जुनी चलच्चित्रे पाहत राहतो, आणि त्याच्याभोवती सारी दयाळू पण परकी माणसे.

पुढे त्या ग्रहावरची एक अमानवी शक्ती पश्चात्तापाने त्याच्या आईचे रूप घेऊन येते. ती त्याला त्याचे पृथ्वीवरचे घर उभे करून दाखविते, घरातल्या मांजरासकट. तू माझ्याबरोबर चल, तुला कधी दुःख होणार नाही, असे ती सांगते. तिला हटविणे बळाने शक्य नसते. तेव्हा वेस्ली क्रशर नावाचा तरुण, ज्याचे वडील पिकार्ड यांच्याच हाताखाली कामावर मरण पावले होते, तो त्या मुलासमक्ष कप्तानांना सांगतो की, माझे वडील गेले आणि तुम्ही परत आलात म्हणून मी तुमच्यावर कितीतरी दिवस रागावलेला होतो. त्या वाक्याने जेरेमीचे तोंड उघडते, आणि आपला राग वॉर्फवर आहे हे तो बोलून दाखवितो. वॉर्फ स्वतः अनाथ. तो मुलाला आपल्या वंशाच्या रीतीने भाऊ करून घेतो. दोघे मेणबत्त्या लावतात, आणि एकमेकांच्या आईला मान देतात. विधी परका आहे. पण दत्तक घेताना होमापुढे बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो मुळीच परका वाटणार नाही.

हे सारे हृदयंगम खरे, परंतु मला कप्तानांचे म्हणणेही अपुरे वाटते आणि ट्रॉयबाईंचेही. धोका किती, यावर दोघांचा वाद आहे. माझ्या मते नौकेचे खरे न्यून निराळे आहे. तीवर संसार आहेत, घर नाही. म्हणजे नवरा, बायको आणि मूल एवढेच आहे, आणि त्यांच्यामागे कोणी नाही. आजी नाही, आजोबा नाहीत, विधवा आत्या नाही, कोनाड्याशेजारी जपमाळ घेऊन बसलेले कोणी नाही. ज्याच्या हातून काही काम होत नाही अशा माणसाला त्या ४२ मजल्यांवर जागाच दिसत नाही. सुखाच्या दिवसांत हे जाणवत नाही, उलट सुटसुटीतच वाटते. पण एक माणूस गेले की सारे बिऱ्हाड कोसळते, आणि मूल कोणाच्या ओटीत घालावे हा प्रश्न कचेरीपुढे येतो.

लेखकांनाही हे कोठेतरी जाणवले असावे, कारण म्हातारी माणसे ते अधूनमधून पाहुणी म्हणून आणतात. वॉर्फला वाढविणारे रोझेन्को दांपत्य १९९० साली त्याला भेटावयास येते. पुढे त्याच्या पोरक्या झालेल्या मुलाला, अलेक्झांडरला, तेच पृथ्वीवर सांभाळतात. १९९२ च्या आरंभी आजी त्याला घेऊन परत येते आणि वॉर्फला सांगते की, आमचे वय झाले, त्याला आता बाप हवा. त्याच वर्षी ट्रॉयबाईंच्या मातोश्री येतात, आणि बापाच्या शिस्तीने कावलेल्या त्या मुलाला उचलून ‘होलोडेक’वर, म्हणजे हवा तो देखावा उभा करणाऱ्या दालनात, चिखलाने आंघोळ करावयास नेतात. बाप आणि मुलीच्या डोळ्यांदेखत मुलाला बिघडविणे हा आजीचा जन्मसिद्ध अधिकार. तो चोविसाव्या शतकातही अबाधित आहे हे पाहून बरे वाटले. खुद्द पिकार्ड यांचे घर फ्रान्समध्ये आहे. तेथे त्यांचे वडील बंधू द्राक्षमळा राखून आहेत, रेप्लिकेटर घरात येऊ देत नाहीत, आणि भावजय रोज आपल्या हातांनी रांधते. शत्रूच्या हाती सापडून पार मोडून गेलेले पिकार्ड १९९० मधल्या एका कथेत त्या घरी जातात, थोरल्या भावाशी चिखलात लोळून मारामारी करतात आणि शेवटी त्याच्याच खांद्यावर रडतात. असे रडणे नौकेवर त्यांना कोठेच शक्य नव्हते.

कायमचे वडीलधारे माणूस म्हणावे असे नौकेवर एकच : टेन फॉरवर्ड चालविणारी गायनन. ही भूमिका व्हूपी गोल्डबर्ग यांनी १९८८ पासून केली. गायननचे वय काही शतकांचे. तिचे मूळ जग शत्रूने उजाड केले आहे. ती पेये देते, ऐकून घेते, आणि क्वचित एखादे वाक्य बोलते. फेब्रुवारी १९९० मधल्या एका कथेत काळाची घडी विस्कटते आणि एका क्षणात हीच नौका युद्धनौका होऊन जाते. दिवे मंद, सर्वत्र सैनिक, दीर्घ युद्ध हरत आलेले. आणि ते तसेच पूर्वीपासून होते असे प्रत्येकाला वाटते. गायननला तेवढे कळते की काहीतरी चुकले आहे. का, हे तिला सांगता येत नाही. पण एक खूण तिला पटते : या नौकेवर मुले असावयास हवी होती. कप्तानांना तिचे बोलणे वेड्यासारखे वाटते, कारण युद्धात मुलांचे काय काम? मुले दिसत नाहीत यावरून जग बिघडल्याचे ओळखणारी ती एकटी म्हातारी बाई, हा या मालिकेतला मला सर्वांत आवडलेला प्रसंग आहे. त्यानंतर मुलांना मागे ठेवावे असे ठामपणे म्हणण्याचा मला धीर होत नाही.

आणि तरीही १९९३ साली याच विश्वातली दुसरी मालिका सुरू झाली ती कशाने? वुल्फ ३५९ या ताऱ्यापाशी झालेल्या लढाईने. ‘सॅराटोगा’ नौकेवरचा सिस्को हा अधिकारी धुरातून आपल्या बिऱ्हाडात धावतो. मुलगा जेक हाती लागतो, बायको ढिगाऱ्याखाली गतप्राण झालेली. त्याला तिच्यापासून ओढून न्यावे लागते. ओब्रायन कुटुंबाची बदली त्याच सिस्कोच्या हाताखाली, एका दूरच्या अंतराळ-ठाण्यावर होते. नवऱ्याला काम मिळाले. कीकोच्या वनस्पतींना तेथे जागा नव्हती. काही दिवस ती उदास राहिली, मग रिकामी फिरणारी पोरे गोळा करून तिने शाळा काढली. नवऱ्याच्या बदलीपायी आपली विद्या गुंडाळून ठेवावी लागलेल्या किती बायका आपल्या ओळखीच्या आहेत!

एंटरप्राइझचा शेवट १९९४ च्या चित्रपटात झाला. शत्रूच्या माऱ्याने यंत्रांचा भाग निकामी होतो, आणि त्या जुन्या योजनेप्रमाणे सर्वांना बशीत हलविण्याचा हुकूम सुटतो. ज्या मार्गिकांतून सात वर्षे मुले शाळेत गेली, त्यांतूनच आता ती पळत आहेत. मागचा भाग फुटतो, त्याच्या धक्क्याने बशी एका ग्रहावर कोसळते आणि जंगल चिरीत जाऊन थांबते. बहुतेक माणसे वाचतात. थोड्याच आधी कप्तानांना फ्रान्सहून पत्र आलेले असते की, थोरले बंधू आणि एकुलता एक पुतण्या घराला लागलेल्या आगीत गेले. म्हणजे जो घरी सुरक्षित राहिला तोच गेला.

डेटा आणि ट्रॉयबाई ढिगाऱ्यात शोध घेत फिरतात. एका फटीतून डेटाचे मांजर, स्पॉट, जिवंत बाहेर येते. या वेळेपर्यंत त्याच्यात भावनांची कळ बसविलेली असते. तो मांजराला उराशी धरतो, डोळ्यांतून पाणी का येते ते त्याला समजत नाही, आणि आपण बिघडलो की काय असे तो विचारतो. मग बचावासाठी दुसऱ्या नौका येतात आणि सर्वांना वर उचलून घेतात. त्या मुलांपैकी कोण कोणाच्या घरी गेले, हे चित्रपटात सांगितलेले नाही.